एका बॉयलरवरची एस्प्रेसो : नेरुळच्या स्वयंपाकघरातील प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

ठाण्यातील एका गृहस्थांकडून घेतलेले वापरलेले रान्चिलिओ सिल्विया हे एस्प्रेसोचे (दाबाने उतरवलेल्या दाट कॉफीचे) यंत्र आज ओट्यावर बसवले. १९९७ पासून बाजारात असलेल्या या यंत्राची मूळ रचना साधी आहे : सुमारे ३०० मिलिलिटरचा एक पितळी बॉयलर, त्याला बाहेरून बसवलेले थर्मोस्टॅट, एक व्हायब्रेशन पंप आणि ५८ मिलिमीटरचा जड पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफीची पूड धरणारा दांडा. कॉफी उतरवण्यासाठी ९० ते ९५ अंश सेल्सिअसचे पाणी लागते आणि दूध फेसाळण्यासाठी लागणारी वाफ मिळवायला तोच बॉयलर १४० अंशांच्या आसपास न्यावा लागतो. दोन बॉयलर असलेल्या यंत्रात ही दोन कामे एकाच वेळी चालतात. येथे ती एकामागून एक करायची असतात, आणि त्या क्रमावरच बरेच काही अवलंबून असते.

हेतू एवढाच, की सकाळी साडेसहा ते सात या वेळेत घरातील चौघांना दुधाची कॉफी मिळावी आणि ती रोज सारखी असावी. एखादा उत्तम कप कोणत्याही यंत्रावर अधूनमधून निघतोच, परंतु तो का निघाला हे सांगता येत नसेल तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निघेल याची खात्री नसते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तिचा परिणाम वहीत लिहायचा आणि तो कळल्याखेरीज पुढच्या गोष्टीला हात लावायचा नाही, असा नियम ठरवला आहे. क्रम पाणी, दळण, तापमान, दाब आणि शेवटी दूध असा राहील.

विजेची सोय आधी पाहून घेतली. यंत्राला सुमारे ११०० वॅट लागतात, म्हणजे २३० व्होल्टवर पाच अँपिअरच्या आतच काम भागते, तरीही मिक्सरच्या सॉकेटवर ते लावलेले नाही. युरोपीय पिन काढून १६ अँपिअरचा प्लग टॉप बसवला आणि अर्थिंग टेस्टरने तपासून घेतले. पाणी, धातू आणि वीज एकत्र असलेल्या वस्तूला अर्थिंगची चाचणी दिल्याखेरीज हात लावू नये, असे माझे मत आहे.

१९ जानेवारी

नवी मुंबई महापालिकेचे पाणी खालापूरजवळच्या मोरबे धरणातून येते. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, लिटरमागे मिलिग्रॅम) स्वस्तातल्या मीटरवर ८० च्या आसपास दिसतो, आरओ यंत्रातून आल्यावर तो १५ पर्यंत उतरतो. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या पाण्याविषयीच्या मानकात १५० हे लक्ष्य आणि ७५ ते २५० ही मर्यादा दिलेली आहे. त्या हिशेबाने आरओचे पाणी कॉफीसाठी फारच रिते ठरते. त्यात काढलेली एस्प्रेसो आंबट आणि पोकळ लागली. मात्र हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, कठीणपणा नव्हे, त्यामुळे त्याच्या आकड्यावर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

सध्या नळाचेच पाणी कार्बनच्या कँडलमधून गाळून टाकीत भरत आहे, म्हणजे क्लोरीनचा वास जातो आणि क्षार राहतात. मे महिन्यात सोसायटीत टँकर येऊ लागले, की हे चालणार नाही. टँकरचे पाणी बहुधा बोअरवेलचे असते, आणि त्याचा थर बॉयलरच्या आतून बसला तर थर्मोस्टॅटला खरे तापमान कळायला उशीर होतो. त्या दिवसांसाठी आरओचे पाणी घ्यायचे आणि दहा लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात पोटॅशियम बायकार्बोनेट मिसळायचे, असे ठरवले आहे. त्याने थर बसत नाही आणि आंबटपणाही आटोक्यात राहतो.

यंत्राची सफाई याच आठवड्यात उरकली. ग्रुपचे (पोर्टाफिल्टर जेथे अडकवतात त्या भागाचे) रबरी गॅस्केट दगडासारखे कडक झाले होते, ते नवीन बसवले. शॉवर स्क्रीन, म्हणजे पुडीवर पाणी पसरवणारी जाळी, काढली तर तिच्या मागे जुन्या तेलाचा काळा लेप होता. पोर्टाफिल्टरमध्ये छिद्रे नसलेली बास्केट (पूड भरायची वाटी) लावून बॅकफ्लश केल्यावर, म्हणजे पाणी उलटे फिरवून धुतल्यावर, तीनतोंडी व्हॉल्व्हमधून पहिली काही आवर्तने चहाच्या रंगाचे पाणी येत राहिले.

२ फेब्रुवारी

यंत्राबरोबर दुहेरी तळाची, दाब वाढवणारी बास्केट आलेली होती. तिच्यातील एकाच बारीक छिद्रातून पाणी जोराने बाहेर पडते, त्यामुळे जाडेभरडे दळण असले तरी वर फेस दिसतो, पण तो फेस कॉफीच्या तेलाचा नसतो. ती बाजूला ठेवून साधी १८ ग्रॅमची बास्केट घेतली. या प्रकल्पात यंत्रापेक्षा ग्राइंडरला अधिक मान आहे, आणि कोणी दोघांपैकी एकावरच पैसे खर्च करणार असेल तर त्याने ग्राइंडरवर करावेत. माझा ग्राइंडर हाताचा आहे, पोलादी शंकूच्या आकाराच्या पात्यांचा, आणि त्याच्या जाड-बारीक करण्याच्या कड्याचा एक क्लिक शॉटच्या (एका वेळी उतरवलेल्या एस्प्रेसोच्या) वेळेत तीन-चार सेकंदांचा फरक पाडतो.

बिया चिकमगळूरच्या, एस ७९५ या अरेबिका वाणाच्या, मध्यम भाजलेल्या आहेत. हा वाण १९४० च्या दशकात बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रातून आला आणि आजही भारतातील अरेबिकाच्या लागवडीत त्याचे स्थान मोठे आहे. भाजल्यानंतर दहा दिवस पाकीट उघडायचे नाही. त्याआधी बियांतून कार्बन डायऑक्साइड इतका निघत असतो, की शॉट फेसाने फुगतो आणि वेळेचा अंदाज चुकतो.

कॉफीची पूड १८ ग्रॅम, कपात उतरणारी कॉफी ३६ ग्रॅम आणि वेळ २५ ते ३० सेकंद, एवढे धरून दळण जुळवले. सोनाराकडे असतो तसला ०.१ ग्रॅमचा लहान काटा कपाखाली ठेवतो. पुडीतील गाठी फोडण्यासाठी बाटलीच्या बुचात ॲक्युपंक्चरच्या बारीक सुया खोचून एक ढवळणी केली आहे. बास्केटच्या तळापासून वरपर्यंत गोलाकार फिरवून, मग पूड सपाट करून दाबायची. ढवळणीआधी शॉटच्या मधोमध पिवळट धारा फुटत, आता त्या क्वचित दिसतात. ही वस्तू पैशाच्या मानाने या वहीतील सर्वांत गुणकारी ठरली आहे.

१५ फेब्रुवारी

आज तापमान. याच नोंदीसाठी प्रकल्प सुरू केला होता, असे म्हणायला हरकत नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे दोन धातूंची चकती. ठरलेल्या तापमानाला ती वाकते आणि हीटरचा प्रवाह तोडते, बरीच थंड झाली की परत सरळ होऊन प्रवाह जोडते. तोडण्याच्या आणि जोडण्याच्या तापमानांत मोठे अंतर असते आणि त्यातच भर म्हणजे प्रवाह तुटला तरी हीटरच्या अंगात साठलेली उष्णता काही वेळ पाण्यात जातच राहते. त्यामुळे बॉयलरचे तापमान एका पट्ट्यात सतत वरखाली होत असते. एक बॉयलर असलेल्या यंत्रावर एकदा कडू आणि एकदा आंबट कॉफी निघते ती बहुतेक वेळा याच कारणाने, आणि दोष मात्र बियांना किंवा दळणाला दिला जातो.

बॉयलरच्या वरच्या बाजूला उष्णता सहन करणाऱ्या टेपने थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवले आणि दुसरे थर्मोकपल थर्माकोलच्या कपात धरून ग्रुपमधून पडणारे पाणी मोजले. कपातले आकडे पुडीवर पडणाऱ्या पाण्यापेक्षा थोडे कमी भरतात, परंतु तुलनेसाठी ते पुरेसे आहेत. पद्धत अशी : यंत्र अर्धा तास तापवायचे, कारण ग्रुपचा पितळी गोळा तापायला बॉयलरपेक्षा कितीतरी अधिक वेळ घेतो, मग ग्रुपमधून पाणी सोडत राहायचे, हीटरचा दिवा लागला की थांबायचे, दिवा विझेपर्यंत वाट पाहायची आणि विझल्या क्षणापासून घड्याळ सुरू करायचे.

दिवा विझल्यावर लगेच पाणी घेतले तर कपात ९७ अंशांच्या आसपास येते. सव्वा मिनिटाने ते ९३-९४ पर्यंत उतरते, अडीच मिनिटांनी ९० च्या खाली जाते, आणि दिवा पुन्हा लागण्याच्या बेतात असताना ८६ पर्यंत गेलेले दिसले. म्हणजे कोणी घड्याळाकडे न पाहता हात जाईल तेव्हा बटण दाबत असेल, तर त्याच्या रोजच्या कॉफीत अकरा अंशांचा फरक असू शकतो. हे आकडे माझ्या यंत्राचे आहेत आणि दुसऱ्या यंत्राला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पद्धत मात्र लागू होईल.

संध्याकाळी इमारतीतील एसी सुरू झाल्यावर आमच्याकडे व्होल्टेज २१५ पर्यंत उतरते. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे २३० चे २१५ झाले तरी जवळजवळ तेरा टक्के शक्ती कमी होते. दिवा विझायला त्यामुळे वेळ अधिक लागतो. परंतु आपले घड्याळ दिवा विझल्यावर सुरू होत असल्यामुळे पुढच्या हिशेबाला फारसा धक्का बसत नाही. दिवा लागल्यापासून सेकंद मोजण्याची पद्धत मी म्हणूनच वापरत नाही.

१६ फेब्रुवारी

तीच पूड, तेच वजन, तोच दाब ठेवून आज विझल्यानंतर लगेच, सव्वा मिनिटाने आणि साडेतीन मिनिटांनी असे शॉट काढले. पहिल्याला जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारा करपट कडवटपणा होता. तिसरा पातळ आणि कच्च्या चिंचेसारखा आंबट निघाला. मधल्यात चॉकलेटकडे झुकणारा गोडवा होता आणि आंबटपणा शेवटी हलका जाणवला. कोणता कप कोणता हे न सांगता बाबांना तिन्ही दिले. “ही मधली चांगली आहे, बाकीच्या दोन तुझ्या तू पी,” असे म्हणून त्यांनी पेपर उघडला. सव्वा मिनिट निश्चित केले.

९ मार्च

सुट्टीत तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानात गेलो. पोर्टाफिल्टरची खालची तोटी पिळून काढली की तेथे ३/८ बीएसपीचे (पाइपच्या आट्यांच्या ब्रिटिश मापाचे) आटे असतात. त्यावर रिड्युसर बसवून ग्लिसरीन भरलेले, ० ते १६ बारचे दाब मोजणारे गेज लावायचे होते.

“काका, थ्री-एट बीएसपी टू वन-फोर रिड्युसर मिळेल का, पितळी?”

“मिळेल की. कॉम्प्रेसरला का?”

“नाही, कॉफीच्या मशीनला.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “प्रेशर किती?”

“दहा-बारा बार.”

“कॉफीला बारा बार?” ते हसले, पण माल लगेच काढला. “गरम पाणी आहे ना साहेब, मग टेफ्लॉन टेप दोन वेढे जास्त द्या. आणि एम-सीलच्या फंदात पडू नका, परत सुटायचं नाही.”

गेजने बंद अवस्थेत, म्हणजे पंप चालू पण पाण्याला बाहेर वाट नसताना, १२ बारच्या थोडे वर दाखवले. व्हायब्रेशन पंप वाहत्या पाण्यात बंद अवस्थेपेक्षा सुमारे एक बार कमी दाब देतो, म्हणून बंद अवस्थेत १० दाखवले की शॉटच्या वेळी ९ च्या जवळपास राहते. यंत्र थंड करून, प्लग काढून, वरचे झाकण उघडून जादा दाब टाकीत परत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा स्क्रू थोडा थोडा फिरवत गेजवर १० आणले.

नऊ बार हा आकडा यंत्रांच्या इतिहासातून आलेला आहे. बेझ्झेरा यांच्या १९०१ च्या पेटंटमधील यंत्र वाफेच्या दाबावर चाले आणि तो दाब दीड बारच्या आसपास असे. आकिले गाज्जा यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर दांडी आणि स्प्रिंगची यंत्रे आणली, तेव्हा दाब आठ-नऊ बारवर गेला आणि कपावर क्रेमा (एस्प्रेसोवरचा दाट फेस) दिसू लागला. फाएमा कंपनीच्या १९६१ च्या ई ६१ या यंत्राने हेच काम विजेच्या पंपाकडे सोपवले आणि नऊ बार रूढ झाले. बारावरून नवावर आल्याचा माझ्याकडचा परिणाम असा, की धारा फुटणे आणखी कमी झाले आणि त्याच वेळेसाठी दळण एक क्लिक बारीक करता आले.

३० मार्च

गुढीपाडव्यामुळे घरी सगळे होते, म्हणून दुधाचा क्रम आजच पक्का केला.

आधी वाफ आणि मग कॉफी, की आधी कॉफी आणि मग वाफ, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. वाफ आधी घेतली तर १४० अंशांचा बॉयलर कॉफीच्या तापमानाला उतरवण्यासाठी बरेच पाणी वाया घालवावे लागते, आणि तो कितपत उतरला हे दिव्यावरून कळत नाही. म्हणजे पंधरा फेब्रुवारीला कमावलेली सगळी शिस्त तेथेच बुडते. म्हणून कॉफी आधी. १८ ग्रॅमचे दोन शॉट लागोपाठ काढायचे, प्रत्येकाआधी दिव्याचे चक्र पूर्ण करायचे, प्रत्येक शॉट दोन कपांत विभागायचा आणि मग चौघांचे दूध एकाच जगमध्ये एकदाच फेसाळायचे. पहिला शॉट तीन-चार मिनिटे थांबतो, पण दुधात जाणार असल्यामुळे त्याचे फारसे बिघडत नाही. नुसती एस्प्रेसो पिणारा कोणी असेल तर त्याचा कप शेवटी काढावा.

वाफेचे बटण दाबल्यावर दिवा विझण्याची वाट पाहायची नाही. विझण्याच्या काही सेकंद आधी नळी उघडून साठलेले पाणी फडक्यात सोडायचे आणि लगेच दुधात नळी घालायची, म्हणजे हीटर चालू असतानाच वाफ खर्च होते आणि ३०० मिलिलिटरच्या बॉयलरवरही ती पुरते. काम झाल्यावर वाफेचे बटण बंद करून गरम पाण्याचा नळ उघडायचा, पंप चालवायचा आणि सलग धार येईपर्यंत तसेच ठेवायचे. हे टाळले तर अर्धवट रिकाम्या बॉयलरमध्ये हीटर उघडा पडतो. तो जळाला की दुरुस्तीचा खर्च ग्राइंडरच्या किमतीशी स्पर्धा करतो.

आमच्याकडे पिशवीचे दूध आले की आई ते लगेच उकळायला ठेवते आणि साय काढून ठेवते. उकळलेल्या दुधाचा फेस माझ्या हातून मोठ्या बुडबुड्यांचा आणि लवकर विरणारा निघतो, कारण उकळताना दुधातील व्हे (निवळीतील) प्रथिने आपले रूप बदलतात आणि काही भाग सायीबरोबर निघून जातो. पाश्चराइज्ड पिशवी न उकळता फ्रिजमधून थेट जगमध्ये घेतली की फेस रेशमी येतो. सहा टक्के स्निग्धांशाच्या दुधाने कॉफी दाट होते, पण तिची चव झाकली जाते. तीन टक्क्यांचे टोन्ड दूध सोपे फेसाळते, मात्र पाणचट लागते. साडेचार टक्क्यांच्या प्रमाणित दुधावर सगळ्यांचे एकमत झाले. जग हाताला धरवेनासा झाला की थांबायचे, तो साधारण साठ ते पासष्ट अंशांचा टप्पा असतो.

“कच्चं दूध कसं चालेल रे?” असे आईने दोनदा विचारले. पिशवीवरचा पाश्चराइज्ड हा शब्द दाखवल्यावर तिने मान डोलावली, परंतु घरच्या चहाचे दूध अजून उकळलेलेच असते आणि ते तसेच राहील.

११ मे

टँकर सुरू झाले. ठरल्याप्रमाणे आरओ आणि पोटॅशियम बायकार्बोनेटचे पाणी वापरत आहे. चवीत फरक जाणवला तो एवढाच, की आंबटपणा आणखी मवाळ झाला.

२२ जून

पावसाने ग्राइंडरची सेटिंग हलवली. स्वयंपाकघरातील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर आहे, आणि जी पूड मे महिन्यात २८ सेकंदांत उतरत होती ती आता ३५ च्या पुढे जाते. बिया आणि त्याहून अधिक पूड हवेतील ओलावा ओढून घेते, फुगते आणि पाण्याला वाट कमी राहते. एक क्लिक जाडसर केल्यावर गाडी रुळावर आली. हिवाळ्यात पूड ग्राइंडरच्या भिंतींना चिकटे म्हणून बियांवर पाण्याचा एक थेंब टाकून दळत असे, त्याची आता गरज उरलेली नाही.

अडीचशे ग्रॅमचे पाकीट उघडे ठेवले तर या हवेत आठवड्यातच मंद पडते, म्हणून अठरा-अठरा ग्रॅम बिया लहान घट्ट डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवल्या. लागेल तो डबा काढून गोठलेल्याच बिया दळायच्या. पूर्ण पाकीट बाहेर काढून थंड असतानाच उघडण्याचा मार्ग टाळावा, कारण बियांवर दव धरते.

याच निमित्ताने मॉन्सून्ड मलबारचे पाकीट आणले. पश्चिम किनाऱ्यावरील गोदामांत कच्च्या बिया पावसाळी वाऱ्याला मुद्दाम उघड्या ठेवतात. त्या फुगतात, पिवळट होतात आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ जातो. एका बॉयलरच्या यंत्राला या बिया फार मानवतात. घड्याळ पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे झाले तरी कप बिघडत नाही आणि क्रेमा भरपूर येतो. परंतु ज्याला एस ७९५ मधला फळाचा आंबटपणा आवडतो त्याला ही कॉफी सपाट वाटेल, आणि मला ती थोडीशी वाटलीच. पाहुण्यांसाठी मात्र हीच.

१३ जुलै

शेजारचे एक इन्स्ट्रुमेंटेशन अभियंते पीआयडी बसवून देतो म्हणत आहेत. पीआयडी थर्मोस्टॅटच्या जागी संवेदक आणि सॉलिड स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरून हीटरला सेकंदाच्या तुकड्यांत चालूबंद करते, त्यामुळे तापमान एका अंशाच्या आसपास स्थिर राहते आणि दिव्याचे घड्याळ लागत नाही. त्यांच्या कामाबद्दल शंका नाही, तरीही तूर्त नको म्हटले आहे. सकाळच्या वेळेतील मोठा भाग ग्रुप तापण्यात आणि वाफेवर जाऊन परत येण्यात जातो आणि पीआयडीने त्यातले काहीच वाचत नाही. वाचतो तो शॉटमागचा दोनेक मिनिटांचा वेळ. ज्याच्याकडे हलक्या भाजणीच्या बिया असतील, त्याच्यासाठी हिशेब वेगळा निघेल, कारण त्या बियांना दोन अंशांचा फरकही सहन होत नाही.

२ ऑगस्ट

पद्धत कागदावर उतरवून फ्रिजला लावली आणि मी पुण्याला असताना वहिनींनी त्यावरून कॉफी केली. त्यांनी वहीत लिहिलेली नोंद : दिवा विझल्यावर ७५ सेकंद, पूड १८, शॉट ३० सेकंदांवर बंद, कपात २९ ग्रॅम, “कडक झाली, पण चांगली.”

वजन कमी भरण्याचे कारण बहुधा पुडीवर पडलेला हाताचा जोर नसावे, कारण एका मर्यादेनंतर जोराने दाबल्याने प्रवाहात फारसा फरक पडत नाही. त्या दिवशी दिवसभर पाऊस होता आणि ग्राइंडर मात्र मी आधीच्या कोरड्या आठवड्यात जुळवलेल्या क्लिकवरच होता. कागदावर “३० सेकंदांनी बंद करावे” असे लिहिले होते, ते खोडून “काट्यावर ३५ ग्रॅम दिसताच बंद करावे, उरलेले थेंब ३६ भरतात, वेळ ३३ च्या वर गेल्यास उद्या एक क्लिक जाड” असे केले आहे.